‘जपानी माल’ आणि आमची दृष्टि

गेल्या दिवाळीच्या आधीं आमच्या एका स्नेह्यांकडे घराची साफसफाई चालली असतां आम्ही सहज तेथें जाऊन पोंचलों. दारांत भंगारवाला तराजू मांडून बसला होता. गळकें पिंप, मोडका पंखा, मासिकांचे गठ्ठे अशा त्या ढिगाच्या माथ्यावर एक दुर्बीण पडली होती आणि शेजारींच तिची चामड्याची पेटी. दुर्बीण दोन डोळ्यांची, हातास जड लागणारी. वरचा काळा रंग कडांवर झिजून आंतील धातु उघडा पडलेला. आम्हीं ती उचलून डोळ्यांस लावली, तों आंत नुसतें धुकें. “राहूं द्या हो ती,” स्नेही म्हणाले, “जपानी माल आहे. वडिलांनीं कधीं काळीं घेतली होती. आतां तींतून दिसत कांहीं नाहीं, आणि हवीच असली तर नवी दोन दिवसांत घरपोंच मिळते.” भंगारवाल्यानें तिला पंख्याबरोबर वजनांत घातलें. आम्हीं ती त्याच भावानें पेटीसकट त्याच्याकडून सोडवून घेतली. आणि स्नेहीच काय, तो भंगारवालाही आमच्याकडे पाहून हंसला.

त्या हंसण्याचें आम्हांस कांहीं वाटलें नाहीं असें म्हटलें तर तें खोटें ठरेल. तथापि एका घरांतून एक दुर्बीण मोडींत निघाली एवढ्यावरून लेखणी उचलण्याचें कारण नव्हतें. ती उचलावी लागली त्या तीन वाक्यांमुळें. जपानी माल आहे, दिसत कांहीं नाहीं, नवी मिळते. हीं वाक्यें आमच्या स्नेह्यांचीं एकट्याचीं नव्हत. आम्हां पांढरपेशा मंडळींच्या माळ्यांवरून, कपाटांतून आणि ट्रंकांतून ज्या ज्या जुन्या दुर्बिणी निघतात, त्या बहुतेक सगळ्या याच तीन वाक्यांनीं मारल्या जातात. तिन्ही वाक्यें अज्ञानाचीं आहेत. पैकीं पहिल्यांत अज्ञानाबरोबर थोडा गर्वही आहे.

‘जपानी माल’ हा शब्द आमच्या वडील पिढीच्या तोंडीं जवळजवळ शिवीसारखा होता, आणि त्यास कारणही होतें. १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांत स्वस्त जपानी कापड मुंबईच्या बाजारांत इतकें येऊं लागलें कीं गिरणीवाल्यांनीं ओरड केली, आणि १९३३ सालीं ब्रिटनबाहेरील सुती कापडावरची जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविण्यांत आली. कापडाबरोबर खेळणीं आलीं, कांचसामान आलें. आणि मुलाच्या हातांतील चावीचें खेळणें तिसऱ्या दिवशीं बंद पडलें कीं घरांतील वडील माणसें ‘जपानी!’ एवढाच निकाल देऊन मोकळीं होत. तो निकाल त्या खेळण्यापुरता खराही असेल. पण निकाल देणारे गेले, खेळणीं गेलीं, जपानी मोटारीपुढें आणि जपानी कॅमेऱ्यापुढें आज तेंच घर निमूटपणें पैसे मोजतें. आणि तो जुना शेरा मात्र वडिलांच्या दुर्बिणीला चिकटून राहिला आहे! नव्या जपानी वस्तूचा गौरव आणि जुन्या जपानी वस्तूची हेटाळणी हीं दोन्ही एकाच तोंडानें करणाऱ्यांस आम्ही विचारतों: आजचा तो कॅमेरा करणारे हात कोणत्या शाळेंत शिकले असें आपणांस वाटतें?

ते दुर्बिणींच्याच शाळेंत शिकले. १९०५ सालच्या मे महिन्यांत त्सुशिमाच्या समुद्रांत रशियन आरमाराचा धुव्वा उडविणाऱ्या अॅडमिरल टोगो यांच्यापाशीं जी दुर्बीण होती ती जर्मनीच्या झाइस कारखान्याची होती. त्या जयाचा आनंद आमच्या देशांतही केवढा झाला हें त्या काळच्या वृत्तपत्रांच्या फायली चाळणाऱ्यांस ठाऊक आहे. जय आशियाचा, पण तो पाहण्याचें साधन युरोपचें! ही गोष्ट जपान्यांच्या मनास लागली असली पाहिजे. कारण पुरतीं सहा वर्षें उलटलीं न उलटलीं तोंच, १९११ सालीं, तोक्योंतील फुजीई बंधूंच्या कारखान्यांतून ‘व्हिक्टर’ नांवाची, लोलक घातलेली दुर्बीण बाहेर पडली. पहिल्या महायुद्धांत जर्मन कांच मिळेनाशी झाली, तेव्हां १९१७ सालीं निप्पॉन कोगाकू ही मंडळी उभी राहिली, आणि फुजीईंचा कारखाना तिच्यांत विलीन झाला. युद्ध संपल्यावर तिनें १९२१ सालीं आठ जर्मन तंत्रज्ञ पगार देऊन जपानांत आणविले व त्यांच्यापाशीं विद्या घेतली. त्याच वर्षीं तळहातावर मावणारी ‘मिक्रॉन’ दुर्बीण तिनें बाजारांत आणली. या मंडळीचें आजचें नांव निकॉन. ज्याच्याकडून वस्तु विकत घ्यावी लागते त्याच्याचकडून ती करण्याची विद्या शिकावी आणि शिकल्यावर त्याच्या बरोबरीनें उभें राहावें, या क्रमांत नक्कल आहे ती पहिल्या पायरीवर. पहिल्या पायरीवर नक्कल कोण करीत नाहीं? आम्ही तर कित्येक बाबतींत त्याच पायरीवर बसून राहिलों आहों, आणि वर चढून गेलेल्यास नकल्या म्हणून हंसत आहों.

१९४५ च्या पराभवानंतरची हकीकत याहून मनाला भिडणारी आहे. युद्धनौकांवरच्या प्रचंड दुर्बिणी करणाऱ्या कारखान्यांना एकाएकीं गिऱ्हाईक उरलें नाहीं. शहरें जळालेलीं, अन्नाची टंचाई. पण भिंग घासण्याची विद्या हातांत शिल्लक होती. त्या विद्येवर त्यांनीं डॉलर मिळविले. १९४७ ते १९५२ या काळांतील कित्येक दुर्बिणींवर ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ अशीं अक्षरें कोरलेलीं आढळतात. आपल्या मालावर आपल्या पारतंत्र्याचा शिक्का आपल्याच हातानें मारावा आणि तो जिंकणाऱ्याच्याच बाजारांत विकावा, याहून कडू प्रसंग कारागिराच्या नशिबीं कोणता येणार? पारतंत्र्य ज्यांनीं भोगलें त्या आम्हां लोकांनीं तरी तीं अक्षरें वाचून नाक मुरडूं नये.

पुढें तोक्योच्या इताबाशी भागांत व आसपास लहान लहान कारखान्यांचें जाळें पसरलें. एकानें लोलक घासावे, दुसऱ्यानें सांगाडे ओतावे, तिसऱ्यानें भिंगें करावीं, चौथ्यानें सगळें जुळवावें. आणि अमेरिकन व्यापाऱ्यानें त्यावर बुशनेल, टास्को, स्विफ्ट असें आपलें नांव घालून तें विकावें, असा तो धंदा होता. आमच्या स्नेह्यांच्या दुर्बिणीवरही नांव अमेरिकनच आहे. पण पुढच्या बाजूस, बिजागरीच्या टोकाशीं, नखाएवढ्या जागेंत ‘जे-बी’ हीं अक्षरें व त्यांपुढें एक आंकडा कोरलेला आहे. दुर्बीण कोणत्या कारखान्याची हें सांगणारी ती खूण. ती वाचण्यास आम्हांस भिंग घ्यावें लागलें. नांव एकाचें आणि घाम दुसऱ्याचा, असा हा प्रकार.

या चढाओढींत किंमत पाडण्याच्या नादानें गचाळ मालही निघाला, हें आम्ही लपवीत नाहीं. पण जपान्यांनीं त्याचें काय केलें तें पाहा. परदेशीं जाणाऱ्या दुर्बिणींची तपासणी करणारी संस्था त्यांनीं स्थापिली आणि तपासणींत उतरलेल्या दुर्बिणीवर ‘पास्ड’ असें छापलेली लहानशी सोनेरी लंबगोल चिठ्ठी चिकटविण्याची रीति घातली. कित्येक जुन्या दुर्बिणींवर ती चिठ्ठी अजून टिकून आहे. आपला वाईट माल आपणच बंदरावर अडवावा, ही बुद्धि आमच्या किती व्यापारांस कधीं सुचली याचा हिशेब वाचकांनीं खाजगींत करावा.

आणि दुर्बीण म्हणजे शर्यतीच्या मैदानावरचें खेळणें अशी ज्यांची समजूत आहे त्यांच्यासाठीं एकच गोष्ट सांगतों. १९९६ सालच्या जानेवारीच्या अखेरीस दक्षिण जपानांतील कागोशिमा प्रांतांत युजी ह्याकुताके या हौशी आकाशनिरीक्षकास पहांटेच्या अंधारांत एक नवा धूमकेतु दिसला. पांचच आठवड्यांपूर्वीं त्यानें आणखी एक शोधला होता. हा दुसरा धूमकेतु त्याच वर्षीं मार्चमध्यें पृथ्वीपासून सुमारें दीड कोटि किलोमीटरांवरून गेला आणि त्याची लांबलचक शेपटी जगानें नुसत्या डोळ्यांनीं पाहिली. ह्याकुताकेच्या हातीं वेधशाळा नव्हती. होती ती २५ पट दाखविणारी आणि १५० मिलिमीटर भिंगांची फुजिनॉन दुर्बीण. जपानी माल!

आतां दुसरें वाक्य: दिसत कांहीं नाहीं. येथें आधीं आमच्याच पक्षांतील कांहीं अतिउत्साही मंडळींचा कान धरणें अवश्य आहे. ‘जुनें तें सोनें’ हें त्यांचें एकच शास्त्र. जुनी दुर्बीण नवीपेक्षां नेहमींच सरस, असें ते शपथेवर सांगतात. तें खरें नाहीं. साध्या दुर्बिणीच्या एका नळींत हवा आणि कांच यांच्या भेटीचे सुमारें दहा पृष्ठभाग असतात. कांच उघडी असली तर प्रत्येक पृष्ठभागावर शेंकडा चार-पांच प्रकाश परत फिरतो. म्हणजे दहा ठिकाणीं मिळून सुमारें तिसरा हिस्सा वाटेंतच गळतो, आणि त्यांतला कांहीं आंतल्या आंत भटकून चित्र फिकें करतो. हा तोटा कमी करणारा पातळ लेप १९३५ सालीं झाइस कारखान्यांत निघाला. युद्धानंतरच्या जपानी दुर्बिणींवर तो एकपदरी असे. त्यानें दर पृष्ठभागाचा तोटा दीडाच्या आसपास येतो. हल्लींच्या चांगल्या दुर्बिणींवरील अनेकपदरी लेपानें तो अर्ध्यावर किंवा त्याहूनही खालीं उतरला आहे. तेव्हां पहांटे झाडींत बसलेला पक्षी नव्या उत्तम दुर्बिणींतून अधिक उजळ दिसेल, हें निमूट कबूल करावें. शिवाय जुन्यांतही फसवेगिरी होतीच. केवळ बाहेरच्या दोन भिंगांना निळसर लेप देऊन आंतील कांचा कोऱ्या ठेवलेल्या दुर्बिणी पुष्कळ. दिव्याचें प्रतिबिंब भिंगांत पाहिलें तर निळ्या-जांभळ्या ठिपक्यांच्या मागें पांढरे ठिपके दिसतात, ते त्या चोरीचे साक्षीदार. तशाच ‘वीसपट दाखविणाऱ्या’ हातदुर्बिणी. २०×५० या आंकड्यांत पहिला कितीपट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरांतील व्यास. दुसऱ्याला पहिल्यानें भागलें कीं डोळ्यांत शिरणाऱ्या प्रकाशाच्या वर्तुळाचा व्यास येतो. येथें तो अडीच मिलिमीटर. आणि हाताचा कंप वीसपट! अशी दुर्बीण जुनी असो वा नवी, जपानी असो वा जर्मन, तिच्यासाठीं आम्ही भांडणार नाहीं.

पण आमच्या स्नेह्यांची तुलना उत्तम नव्या दुर्बिणीशीं नव्हती. दोन दिवसांत घरपोंच येणाऱ्या स्वस्त दुर्बिणीशीं होती. ती सडसडीत, सरळ नळ्यांची, रबरी अंगरख्याची असते. तिच्या सरळपणासाठीं आंत जो छपरासारखा लोलक घालावा लागतो तो फार काटेकोर घासावा लागतो, आणि तरीही त्याच्या दोन उतारांवरून येणारे किरण एकमेकांत मिसळतांना चित्राचा रेखीवपणा थोडा मारतात. यावर इलाज करणारा लेप निघाला १९८८ सालीं. तो स्वस्त दुर्बिणींत बहुधा नसतो. जुन्या जपानी दुर्बिणीचे खांदे रुंद असतात ते इटालियन पोरो यानें १८५४ सालीं पेटंट घेतलेल्या लोलकांच्या जोडीमुळें. त्या लोलकांत किरण चार वेळां वळतो आणि आरशाचा मुलामा नसतांही कांचेच्या आंतल्या आंतच परततो. पुढचीं भिंगें डोळ्यांपेक्षां एकमेकांपासून दूर असल्यामुळें जवळचें झाड आणि मागचा डोंगर यांतील अंतर नजरेंत उतरतें, तें निराळेंच. आणि दृष्टिक्षेत्राचा तर तेव्हां कारखान्यांना छंदच लागला होता. ७×३५ च्या कित्येक जुन्या दुर्बिणींचें क्षेत्र दहा अंशांचें आहे; म्हणजे हजार मीटरांवर सुमारें १७५ मीटर रुंदीचा देखावा एका दृष्टीक्षेपांत मावतो. भिगवणच्या पाण्यावरून रोहित पक्ष्यांचा थवा उठतो तेव्हां ज्यानें तो अख्खा थवा अशा दुर्बिणींत धरला आहे, त्याला या आंकड्याचा अर्थ सांगावा लागत नाहीं. कडेला चित्र थोडें विरघळतें, हें खरें. पण थवा पाहणारा कडेकडे बघत नाहीं.

मग स्नेह्यांच्या दुर्बिणींत धुकें कां होतें? दुर्बिणीचें म्हातारपण म्हणून नव्हे. आंतील वंगण वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत तापून उडालें आणि त्याचा पापुद्रा भिंगांच्या आंतल्या अंगास बसला. तो पुसला जातो. चष्म्याला वाफ धरली म्हणून कोणी डोळे काढून टाकीत नाहीं.

इथवर आम्हीं दुसऱ्यांस नांवें ठेवलीं. आतां आमची पाळी. आमचे वडील मुंबईच्या गोदींत नोकरीस होते. तेथें एका खलाशाकडून त्यांनीं ७×५० ची एक जपानी दुर्बीण घेतली होती. रविवारीं ते आम्हां भावंडांस गच्चीवर नेत आणि बंदराबाहेर नांगरलेलीं जहाजें दाखवीत; निशाणावरून जहाजाचा देश ओळखावा असा आमचा खेळ असे. वडील वारल्यावर आम्हीं ती दुर्बीण पुसून तिच्या चामड्याच्या पेटींत घातली, पेटी रेशमी फडक्यांत गुंडाळली आणि कपाटाच्या अगदीं वरच्या खणांत देवासारखी ठेवून दिली. मुलांस हात लावूं दिला नाहीं. ‘आजोबांची आहे’ एवढें म्हणून दुरून पेटी दाखवीत असूं. असे चौदा पावसाळे गेले. पंधराव्या वर्षीं धाकट्याच्या हट्टामुळें पेटी उघडली, तों डाव्या नळींत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली! कारागिरानें ती काढली. पण बुरशीच्या आम्लानें कांचेवर ज्या रेघा कोरल्या होत्या त्या निघण्यासारख्या नव्हत्या. उजवी नळी वांचली. आज त्या दुर्बिणींतून समुद्राकडे पाहावयाचें तर आम्हांस एक डोळा मिटून घ्यावा लागतो. आमच्या स्नेह्यांनीं वडिलांची दुर्बीण एका सकाळीं भंगारांत घातली. आम्ही वडिलांची दुर्बीण भक्तिभावानें चौदा वर्षें मारीत होतों.

म्हणून जुन्या दुर्बिणी जमवून कांचेच्या कपाटांत मांडणाऱ्या, त्यांचे जे-बी आंकडे तोंडपाठ म्हणून दाखविणाऱ्या आणि पाहुण्यानें एखादी उचलली कीं कासावीस होणाऱ्या संग्राहकांविषयीं आमच्या मनांत भंगारवाल्याइतकाही आदर उरलेला नाहीं. भंगारवाला निदान तिला वस्तु समजतो. हे तिला मूर्ति समजतात. जी दुर्बीण वर्षांतून एकदां तरी गळ्यांत अडकून डोंगरावर जात नाहीं, ती जतन होत आहे असें कोणी समजूं नये.

चामड्याची पेटी दिसायला राजेशाही. पण आमच्या हवेंत दुर्बिणीची तीच मोठी वैरीण. चामडें ओल धरतें आणि बुरशीला पोसतें. हवेचा दमटपणा शेंकडा साठ-सत्तरांच्या वर गेला कीं बुरशीचें फावतें. आणि कोंकणपट्टींत व मुंबईंत आषाढ-श्रावणांत तो ऐशींच्या पलीकडे असतो. हें आम्हांस कोणी शिकवावयास हवें होतें काय? ज्या घरांत लोणच्याची बरणी कडकडीत उन्हांत तापवून कोरड्या हातानें भरतात आणि तोंडाला दादरा बांधतात, ज्या घरांत पापड-कुरडयांचा डबा पावसाळ्यांत विनाकारण उघडणाऱ्या मुलास रागें भरतात, त्या घरांतील पुरुषमंडळींनीं दुर्बीण ओलसर चामड्यांत कोंबून ठेवावी, याचा अर्थ एवढाच कीं स्वयंपाकघरांतील विद्येला आम्हीं कधीं विद्या मानलें नाहीं. दुर्बिणीला तीच विद्या पुरते. घट्ट झांकणाचा डबा घ्यावा, आंत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांची पुरचुंडी ठेवावी; खड्यांचा रंग बदलला कीं ते एखाद्या जुन्या तव्यावर मंद आंचेनें तापवून पुन्हां भरावे. आणि मधून मधून दुर्बीण बाहेर काढून वापरावी.

पुसण्याच्या बाबतींत तर सुशिक्षित म्हणविणाऱ्या हातांनीं जो अत्याचार चालविला आहे तो पाहवत नाहीं. सदऱ्याचें टोक, साडीचा पदर, तोंडाची वाफ, आणि वरून अंगठ्याचा जोर! भिंगावर बसलेला रस्त्याचा धुरळा म्हणजे दगडाचे कण. ते दाबून फिरविले कीं लेपावर वर्तुळाकार ओरखडे उठतात आणि पुढें जन्मभर प्रत्येक दिव्याभोंवतीं तेज पसरलेलें दिसतें. आधीं रबरी फुग्यानें धूळ उडवावी, मग मऊ कुंचल्यानें झटकावी, आणि त्यावरही डाग उरला तरच भिंगाच्या कागदावर स्पिरिटाचा थेंब घेऊन हलक्या हातानें पुसावें. थेंब कागदावर घ्यावयाचा, भिंगावर सोडावयाचा नाहीं. सोडलेला थेंब कडेच्या फटींतून आंत शिरतो. चाक घट्ट झालें म्हणून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी घेऊन बसणारे गृहस्थ आम्हीं डोळ्यांनीं पाहिले आहेत. चाक दोन दिवस लोण्यासारखें फिरतें. मग तें तेल सरपटत लोलकांपर्यंत जातें, आणि वर सांगितलेलें धुकें घरबसल्या तयार होतें.

दुर्बीण उघडूं नका असें आम्ही म्हणणार नाहीं. ती उघडण्यासाठींच केलेली आहे. कडीला आटे आहेत, झांकणाला स्क्रू आहेत, लोलकावर दाबपट्टी आहे, आणि पुढच्या भिंगांभोंवतीं किंवा लोलकांपाशीं दोन्ही नळ्यांच्या दृष्टि एकमेकींशीं समांतर आणण्याची सोय आहे. मात्र जो उघडील त्यानें एका वेळीं एकच नळी उघडावी आणि लोलक हलविण्यापूर्वीं त्याची जागा पेन्सिलीनें खुणावी. आम्हीं पहिल्या खेपेस खुणावली नव्हती. आठ दिवस प्रत्येक चंद्र दोन दिसले. दोन्ही नळ्या किंचित् आडव्या फुटल्या तर डोळे बिचारे सांभाळून घेतात. वर-खालीं फुटल्या तर कपाळ दुखूं लागतें. माणूस समजतो चष्म्याचा नंबर वाढला! लांबच्या इमारतीच्या छपराची आडवी रेघ पाहत दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर दूर न्यावी. दोन वर्तुळांत ती रेघ एका पातळीवर राहिली तर ठीक, पायरीसारखी तुटली तर कारागिराकडे जावें.

पण कारागीर आहे कोठें? तिसऱ्या वाक्याचें खरें विष येथें आहे. नवी मिळते! मिळते खरी, आणि दुरुस्तीची मजुरी कधीं कधीं त्या नवीच्या किंमतीइतकी होते, हेंही आम्ही स्वानुभवानें कबूल करतों. पण ती स्वस्त नवी दुर्बीण बहुधा उघडण्यासाठीं केलेलीच नसते. डिंकानें चिकटविलेलें तिचें अंग एकदां बिघडलें कीं तिला फेंकण्यावांचून गति नाहीं. तिचा मालक तिला पांच वर्षांनीं टाकतो आणि स्वतःस हिशेबी समजतो. आमची दुर्बीण ज्यांच्या हातून निघाली ते गृहस्थ फोर्टांतल्या एका जुन्या इमारतीच्या जिन्याखालीं टेबल मांडून बसतात. वय सत्तरीच्या पुढें. त्यांनीं दुर्बीण कानाशीं नेऊन हलविली, आणि “डाव्या बाजूचा लोलक सुटलाय,” असें ती न उघडतांच सांगितलें. आम्हीं त्यांना विचारलें, हाताखालीं कोणी शिकतो आहे कीं नाहीं. ते म्हणाले, “साहेब, महिन्याला एखादी दुर्बीण येते. तेवढ्यावर मी पोराला काय म्हणून बसवूं?” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आमच्या शहरांतून दर महिन्यास किती दुर्बिणी तराजूंत जात असतील? त्यांतल्या दहा जरी त्या जिन्याखालीं गेल्या असत्या तरी तेथें एखादा पोर बसला असता. विद्या पुस्तकांतून जात नाहीं, पुस्तकें राहतातच; ती गिऱ्हाईक न आल्यामुळें जाते, आणि तें गिऱ्हाईक आम्ही आहों.

स्नेह्यांची दुर्बीण तिसऱ्या आठवड्यांत परत आली. वंगणाचा पापुद्रा गेला, लोलक जागीं बसला, दोन्ही दृष्टि एक झाल्या. रंग झिजलेला होता तो तसाच ठेवला. एका रविवारीं स्नेही आमच्याकडे आले असतां ती आम्हीं कांहीं न बोलतां त्यांच्या हातीं दिली. समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक घार काटक्या रचीत होती. ते बराच वेळ पाहत राहिले. मधेंच चाकावरचें बोट थांबलें, पुन्हां फिरलें. चहा निवाला. मग दुर्बीण खालीं न ठेवतांच त्यांनीं विचारलें, “जानेवारींत आम्ही भिगवणला जाणार आहों. नेऊं का?”

दुर्बीण त्यांची त्यांना परत दिली. चामड्याची पेटीही त्यांनीं मागितली, ती मात्र दिली नाहीं. घरांतला घट्ट झांकणाचा एक डबा दिला आणि आंत खड्यांची पुरचुंडी.